रामलिंगच्या काठाने

सोलापूरच्या माणसाला डोंगर माहीत नाही, असं पुण्याकडची मंडळी थट्टेने म्हणतात. त्यांचा दोष नाही. रेल्वेच्या खिडकीतून त्यांना आमचा सपाट माळच दिसतो. त्यांनी एकदा कोजागिरीच्या रात्री सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर येऊन उभं राहावं. त्या रात्री वाहनं दुसरीकडून वळवलेली असतात आणि रस्ता पूर्ण माणसांचा असतो. शाळकरी पोरं, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, कर्नाटकातून दोन-तीन दिवस चालत आलेले जथे. अंतर सुमारे 45 किलोमीटर. कित्येकांच्या पायात चप्पल नसते, पाठीवर सॅक नसते, हातात काठीही नसते. पहाटेपर्यंत ही माणसं आईच्या दारात पोचतात, आणि शेवटच्या टप्प्यात नकळत एक डोंगर चढून गेलेली असतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटरवर आहे, तर तुळजापूर साधारण 650 मीटरवर. मधला चढ म्हणजे बालाघाटाची कड.

याला कोणी 'नाइट ट्रेक' म्हणत नाही. आमच्याकडे याला 'चालत जाणं' म्हणतात.

या प्रकरणात याच डोंगररांगेच्या एका छोट्या तुकड्याबद्दल लिहायचं आहे. तिथे कठडे नाहीत, दिव्यांच्या माळा नाहीत, 'पॉइंट' नावाची एकही जागा नाही. पायी हिंडायचं आणि साधनांशिवाय एक रात्र काढायची, यासाठी सोलापूरकराला जवळात जवळ याहून बरी जागा मला माहीत नाही. अट एकच. रात्र डोंगरात काढायची नाही, डोंगराच्या काठाला काढायची. का, ते पुढे येईलच.

बालाघाट सह्याद्रीतून हरिश्चंद्रगडाच्या बाजूला फुटतो आणि आग्नेयेकडे नगर, बीड, धाराशिव असा उतरत येतो. एका अंगाचं पाणी गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं सीना-भीमेला. सह्याद्रीसारखी टोकदार शिखरं इथे शोधू नयेत. माथा सपाट, कडा पायऱ्यांची. या पायऱ्या कशा झाल्या ते डोळ्यांना दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांनी पोकळ झालेले. पोकळ थर लवकर झिजतो आणि त्याचा उतार होतो. घट्ट थर तग धरतो आणि त्याचा कडा होतो. भूशास्त्रात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, आणि स्कँडिनेव्हियन भाषांतल्या त्या मूळ शब्दाचा अर्थच जिना. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल, भाजल्यासारख्या मातीचा पट्टा दिसतो. वरून भेगांतून मुरलेलं पाणी या चिकट पट्ट्याला अडतं आणि आडवं फिरून कड्याच्या पोटातून बाहेर येतं. बालाघाटातल्या कितीतरी झऱ्यांचं गुपित हेच. उन्हाळ्यात पाणी शोधायचं असेल तर माथ्यावर हिंडू नये. कड्याच्या मध्यावर हिरवळीचा पट्टा कुठे दिसतो ते पाहावं.

आमचा तुकडा येडशीजवळ आहे. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर आहे, आणि बार्शी-लातूर रस्ता त्याला इथेच कापतो. गावाबाहेर दरीत रामलिंगाचं जुनं देऊळ, शेजारून ओढा, पावसाळ्यात देवळाजवळच कोसळणारा धबधबा. श्रावणात इथे पाय ठेवायला जागा नसते. कथा अशी सांगतात की, सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला जटायूने इथे अडवलं. तो घायाळ होऊन पडला, आणि त्याच्या तोंडात पाणी घालण्यासाठी रामाने जमिनीत बाण मारला. देवळाच्या आवारात जटायूची समाधी दाखवतात. देशात जटायूच्या जागा आणखीही आहेत, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. मला त्या कथेत दिसतं ते पाणी. या कोरड्या मुलखात खडकातून पाणी निघालं, तर त्यामागे एक तर देव असतो नाहीतर लाल मातीचा पट्टा.

देवळाभोवतीचा डोंगर 1997 साली रामलिंग घाट अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्रफळ साधारण 22 चौरस किलोमीटर. म्हणजे ते चौकोनी असतं तर एक बाजू पावणेपाच किलोमीटरच्या आत भरली असती. धडधाकट माणूस तासाभरात आरपार जाईल. एवढंसं जंगल. झाडीही दाट नाही. पळस, खैर, बोर, हिवर, उतारावर रानोमाळ सीताफळ, आणि वनविभागाने लावलेला गिरिपुष्प. दिवाळीनंतर सगळं पिवळं पडतं आणि कुसळी गवताची कुसळं मोज्यांत घुसून जीव खातात. लोकरीचे मोजे आणि सैल विणीच्या पँटी घरी ठेवा. गुळगुळीत कापडाचा पायजमा बरा. ही सूचना मी एका अख्ख्या संध्याकाळी कुसळं उपसल्यावर लिहितो आहे.

याच घाटातून एकेकाळी झुकझुक गाडी जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे काढली. अडीच फुटी रुळांवर ती 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला भिडली. बार्शी ते येडशी हा तिचा घाटाचा टप्पा. जुनी माणसं सांगतात की चढाला गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा डब्यात चढायची. अशी गोष्ट प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात, तरी ऐकायला गोड लागते. 2007-08 मध्ये रुंद रूळ आले आणि ती गंमत गेली.

आता वाघाचं.

2024 च्या डिसेंबरात अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एक पट्टेदार वाघ आला. धाराशिव जिल्ह्यात वाघ, ही बातमी आधी कोणालाच खरी वाटेना. प्रत्येक वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. ते जुळवून पाहिल्यावर कळलं की हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर आहे. साडेचारशे ते पाचशे किलोमीटरचं अंतर त्याने कापलं होतं; तेही कपाशी-तुरीच्या रानांतून, महामार्ग ओलांडून, वस्त्या चुकवून. त्याच टिपेश्वरचा एक वाघ 2019 मध्ये गळ्यातल्या रेडिओ कॉलरसह तीन हजार किलोमीटरहून जास्त हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. त्या मानाने याचा प्रवास छोटा. पण ज्ञानगंगा दोनशे चौरस किलोमीटरचं आहे आणि हे बावीस. एका नर वाघाला ही जागा म्हणजे दीड खोलीचं बिऱ्हाड. त्यामुळे तो बार्शी तालुक्याच्या शिवारात उतरू लागला, गुरं मारू लागला. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरलं. 2025 च्या सुरुवातीला पथकं आली, बेशुद्धीच्या बंदुका आल्या, ड्रोन आले. वाघ काही सापडला नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं रामलिंग.

मला यात दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. ज्याची दुभती म्हैस गेली त्याला वाघाचं कौतुक सांगणं हा निलाजरेपणा आहे. पण जो डोंगर आम्ही 'तिथे काय आहे?' म्हणून सोडून दिला होता, तिथे राहण्यासारखं काहीतरी आहे हे एका जनावराने पाचशे किलोमीटर चालून येऊन सांगितलं, हेही खोटं नाही.

इथे मघाच्या अटीकडे येतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या 27 व्या कलमानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. 28 व्या कलमात परवाना कशासाठी मिळतो ते दिलं आहे: अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन, कायदेशीर कामकाज. 30 वं कलम आग लावण्याबद्दल आहे आणि 31 वं हत्यार नेण्याबद्दल, दोन्हीला मनाई. तेव्हा आत तंबू ठोकून चूल पेटवणं हे साहस नसून गुन्हा आहे. देवळापर्यंत जाणं, दिवसा परवानगीने पायवाटेने फिरणं, एवढंच आपलं.

दुसरीकडे हे वेगळं आहे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने कोणालाही मोकळ्या रानात जबाबदारीने हिंडता येतं आणि रात्र काढता येते. इंग्लंडात डार्टमूर नावाच्या माळावर तंबू टाकण्याच्या हक्काला जमीनमालकांनी न्यायालयात आव्हान दिलं होतं. 2025 च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क राखला. हे वाचून आमच्या तरुण मित्रांचं रक्त सळसळतं. पण डार्टमूरच्या माळावर वाघ नाही, लांडगा नाही, तरसही नाही. तिथे माणसाचं फार तर पावसाने वाकडं होतं. आणि आमचा मुद्दा भीतीचा नाहीच. दिवसभर डोंगर आपण वापरतो. देवळाचे भोंगे, मोटारसायकली, माकडांपुढे टाकलेले बिस्किटांचे पुडे. बावीस चौरस किलोमीटरमध्ये जनावरांच्या वाट्याला उरते ती फक्त रात्र. तीही मागायची म्हणजे जास्तच झालं.

म्हणून काठ. काठावर मुक्काम कसा करायचा हे परदेशी पुस्तकांतून शिकायची गरज नाही, आपल्याकडे त्याचे पिढीजात जाणकार आहेत. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर वर्षातले सात-आठ महिने उघड्यावर राहतात. तळाला ते 'वाडा' म्हणतात. घोड्यावर सगळा संसार: घोंगड्या, जर्मनची भांडी, कोकरांचं टोपलं आणि वाघर. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती उभी करायची जाळी. नावात वाघ दिसतो म्हणून फसू नका; संस्कृतात 'वागुरा' म्हणजे जाळंच. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे मुक्काम फुकटचा नसतो आणि उपकाराचाही नसतो, त्यात देणंघेणं असतं. आणि वाडा हलल्यावर त्या जागी लेंड्यांशिवाय काही सापडत नाही, सापडलंच तर चुलीचे तीन दगड. 'मागे काही ठेवू नका' असं जगभर पाट्यांवर लिहावं लागतं. इथे ते न लिहिता चाललं आहे.

त्यांच्याकडून आणि ज्वारीच्या राखणीला रात्री जागलीवर जाणाऱ्या शेतकऱ्यांकडून जे शिकलो ते सांगतो.

आधी माणूस गाठावा, मग जागा. डोंगराकाठी कोणाच्या ना कोणाच्या बांधावरच उतरावं लागतं. दिवसाउजेडी जावं, वडीलधाऱ्याला 'आजची रात रानात पडू का, मामा?' म्हणून विचारावं. शंभरातले नव्वद 'रानात कशाला, घरी या की' म्हणतात. मग हसून समजवावं लागतं. 'नाही' म्हणाले तर कारण विचारू नये, पुढच्या वस्तीकडे निघावं. जागा मुरमाड बघावी. काळ्या रानात एकदा आम्ही तंबू लावला आणि रात्री परतीचा पाऊस आला. काळी माती ओली झाली की तिचा गूळ होतो. खुंट्या आपोआप वर आल्या, तंबू अंगावर बसला, आणि पहाटे प्रत्येकाच्या पायाला दोन-दोन किलोचे जोडे होते. मुरमात पाणी झिरपून जातं. ओढ्याच्या कोरड्या पात्रातली वाळू कितीही मऊ वाटली तरी तिथे पथारी टाकू नये. आभाळ वर डोंगरात फुटतं आणि लोंढा खाली येतो. वळवाच्या दिवसांत एकट्या झाडाखालीही थांबू नये. मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं मरतात ती बहुधा अशा झाडाखालीच.

अंथरायला घोंगडं, पांघरायला सोलापुरी चादर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी बोचते आणि दव पडतं. तेव्हा चादरी दोन. ही गावाची फुशारकी नाही. जाड सुती चादर दवाने ओली झाली तरी उन्हात तासाभरात वाळते आणि ठिणगीने वितळत नाही. तंबू नसला तरी चालेल, मच्छरदाणी मात्र हवीच, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेल्या हव्यात. डासांसाठी नाही. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात शिरतो. त्याच्या दंशाला सूज नसते, फारशी वेदना नसते. माणूस 'काहीतरी चावलं' म्हणून परत झोपतो आणि पहाटे पापण्या उघडत नाहीत. दंशाची शंका जरी आली तरी मांत्रिक नाही, ब्लेडने कापणं नाही, घट्ट आवळणं नाही. चावलेला अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. सकाळी बूट झटकून घालावेत. त्यात रात्री विंचू मुक्कामाला आलेला असू शकतो.

शौचाला वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून किमान साठ पावलं लांब, आणि वरून माती. टमरेलाची परंपरा आपल्याला नवी नाही, खड्ड्याची तेवढी नवी.

आता जेवण. 'चूल पेटवायची नाही तर खायचं काय?' हा प्रश्न फक्त बाहेरगावचे विचारतात. सोलापूरकराला उत्तर जन्मापासून ठाऊक असतं: कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, कागदासारखी पातळ थापून भाजलेली आणि मग पार कोरडी होईपर्यंत वाळवलेली. पापडासारखी वाजते, आठवडे टिकते, वजनाला काही नाही. बरोबर उखळात कुटलेली शेंगाचटणी, तेल सुटलेली, लसूण आणि लाल तिखट सढळ. एक कांदा बुक्कीने फोडायचा. जमलं तर वस्तीवरून तांब्याभर दही. गिर्यारोहणाच्या दुकानांत 'कोरडं अन्न' म्हणून चांदीच्या पाकिटांत जे विकतात त्याची किंमत आणि चव या दोन्हींची तुलना मी इथे करत नाही, राग येतो. माणशी चार भाकऱ्या आणि किमान चार लिटर पाणी, एवढ्यात एक दिवस-रात्र निभावते. पाणी मात्र बरोबरच न्यावं. मार्चनंतर डोंगराकाठच्या विहिरींना स्वतःलाच पुरत नाही.

आग नको म्हणण्याचं कारण फक्त कायदा नाही. दिवाळीनंतर हे कुसळी गवत पेट्रोलसारखं पेटतं. वनविभाग दरवर्षी गवत कापून, जाळून जाळरेषा काढतो, तरी एका बिडीने वणवा लागतो आणि जमिनीवरची तित्तिरांची, लाव्यांची घरं राख होतात. शिवाय शेकोटी पेटली की माणसं तिच्याकडे तोंड करून बसतात आणि डोंगराकडे पाठ करतात. त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?

न पेटवता बसलं की अर्ध्या तासात डोळे सरावतात. आधी टिटवी ओरडते, काहीतरी हललं म्हणून. मग गवतातून रातव्याचा 'चकू-चकू-चकू' असा, गोटी फरशीवर टाकल्यासारखा आवाज. पिंगळ्यांचं भांडण. दूर कोल्हेकुई, तिला गावातल्या कुत्र्यांचं उत्तर. हिवाळ्यात पूर्वेकडून मृग वर येतो. त्याच्या पोटातले तीन तारे म्हणजे खेड्यातलं 'तिकांडं'. घड्याळ नसलेल्या काळी जागल्याच्या पाळ्या त्यावर बदलत. उत्तररात्री सप्तर्षी चढतात. त्यांना आमच्याकडे 'बाजलं' म्हणतात: म्हातारीची चार पायांची बाज आणि ती चोरायला निघालेले तीन चोर. शहरातल्या मुलांना ही बाज आधी दाखवावी, 'सप्तर्षी' नंतर सांगावं.

अरण्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली सोलापूरचेच. 1932 साली गिरण्यांच्या या शहरात जन्मले, वनखात्यात आयुष्य काढलं, पाखरांना आणि झाडांना मराठी नावं मिळवून दिली, आणि 2025 च्या जूनमध्ये सोलापुरातच गेले. त्यांची अरण्यं विदर्भातली, नवेगाव आणि मेळघाटची. त्यामुळे आमच्या पिढीला वाटत राहिलं की जंगल म्हणजे तिकडे, रेल्वेने रात्रभर गेल्यावर लागतं ते. नव्वद किलोमीटरवरचं, झुडपांचं, काटेरी, उन्हाळ्यात भकास दिसणारं रामलिंग आम्ही जंगलात धरलंच नाही. कदाचित त्यामुळेच ते वाचलं असावं. आता वाघाच्या बातमीनंतर तिथे काचेचा पूल, रोप-वे, 'ग्लॅम्पिंग' असं काही व्हावं म्हणून बोलणारे भेटू लागले आहेत. माझं मत विचाराल तर येडशीच्या फाट्यावर एक स्वच्छ शौचालय आणि देवळापाशी कचऱ्याचा बंदोबस्त, एवढा विकास पुरे.

जायचं असेल तर ऑगस्टच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत जा, श्रावणी सोमवार टाळा, आणि चौघांपेक्षा जास्त जाऊ नका. निघण्याच्या आदल्या दिवशी वनविभागाच्या कार्यालयात फोन करा, परवानगीचं विचारा, आणि सध्या वाघ कोणत्या अंगाला आहे तेही विचारून घ्या. ते ज्या अंगाचं नाव सांगतील, त्याच्या दुसऱ्या अंगाला मुक्काम करा.